बंगलोरात कळलेलं पायाचं दुखणं

मिरजेहून निघताना माझे यजमान, वसंतराव, पोटरीला बाम चोळत बसले होते. मी म्हटलं, "वात आहे. बंगलोरच्या हवेत पळेल." आमच्याकडे त्या काळी बंगलोरची हवा हेच सगळ्यावरचं औषध होतं.

माझी आतेबहीण सुमाक्का जे. पी. नगरात राहते. तिचं माहेर-सासर दोन्ही बंगलोरचंच, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच कानडी येतं. "वसंतराव, स्वल्प (थोडं) वाढू?" म्हणत तिनं बिसीबेळे भात (डाळ-भाज्यांचा मसालेभात) ताटभर वाढला, वर तूप. प्रवासाचा शीण गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चिकपेठेत गेलो. रेशमाच्या गल्ल्या बघून मी हरखले, पण हे दर चार दुकानांनी थांबायचे. साड्यांसमोर, स्टीलच्या डब्यांसमोर, शेवटी परकराच्या नाड्यांसमोरही.

"घेणार काही नाही, आणि बघायची हौस मात्र दांडगी," मी फणकारले.

हे नुसते हसले. एक मराठी दुकानदार म्हणाले, "अण्णा, आत येऊन बसा की."

"नको. थोडं उभं राहिलं की बरं वाटतं," हे म्हणाले. बसलं तर साडी घ्यावी लागेल म्हणून असेल, असं मी धरून चालले.

संध्याकाळी सुमाक्कानं आम्हाला लालबागेत नेलं. तिथल्या खडकाच्या टेकाडावर हे अर्ध्यातच बसले आणि त्यांनी बूट-मोजे काढले. एका पायाची करंगळी काळीनिळी, शेजारी उघडी जखम. मी हात लावला. दुसरं पाऊल ऊबदार, हे मात्र गार.

"कधीपासून?"

"गणपतीत बूट चावला ना, तेव्हापासून."

संक्रांत होऊन गेली होती.

सुमाक्कानं तिथूनच रिक्षा केली आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पावलावर बोटं ठेवली, मग घोट्यामागे, मग गुडघ्यामागे. त्या कानडीत बोलायच्या, सुमाक्का मराठीत सांगायची.

"पायाची नाडी लागत नाही म्हणतात."

पायाला नाडी असते हेच मला ठाऊक नव्हतं.

"चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते? सिगारेट ओढता?"

ह्यांनी दोन्हीला होकारार्थी मान हलवली.

"कळ कमरेतून पायात उतरली तर बहुधा नस दबलेली असते. एकच पाय अचानक सुजून गरम झाला तर आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं आणि चोळायचं नाही. तुमच्या पायात रक्तच खाली पोचत नाहीये. चालताना पोटरी धरायला लागली तेव्हाच यायचं होतं. पाऊल गार आणि जखम भरत नाही, म्हणजे आता थांबायला वेळ नाही." पुढचं सांगताना सुमाक्कानं माझा हात धरला. "उशीर केला तर पाऊल जाईल म्हणतात."

वात म्हणून मी ते दुखणं ह्यांना महिनोन्‌महिने बामानं चोळू दिलं होतं.

मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. बंद रक्तवाहिनीला वळसा घालून दुसरी शीर जोडली. करंगळी गेली, पाऊल राहिलं. बंगलोर बघायचं राहिलं ते राहिलंच.

मिरजेला परतलो. लग्नाचा दिवस सोडला तर मी नवऱ्याच्या पाया कधी पडले नाही. सासूबाईंचा त्यावरून माझ्यावर राग होता. आता रोज सकाळी उठल्याबरोबर मी ह्यांच्या पावलावर बोटं ठेवते. डॉक्टरीणबाईंनी जागा दाखवून दिली आहे. बारीक ठोका लागतो. तो लागेपर्यंत मी चहाचं आधण ठेवत नाही.