रुमालअप्पांची किळस

रुमालअप्पांना किळस यायला फारसं काही लागायचं नाही. चहावरची साय, थुंकीनं बोट ओलं करून कागद उलटणारा कारकून, मोटारसायकलच्या किल्लीनं कान कोरणारा माणूस, एवढं पुरायचं. मग हातातला पांढराशुभ्र इस्त्रीचा रुमाल नाकाशी जायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि तोंडातून लांबलचक ‘शीऽऽ’ निघायची. ती ऐकायला मिळावी म्हणून आमच्यातले काही जण मुद्दाम त्यांच्यासमोर कान कोरायचे. मीही कोरले आहेत.

तेलगावच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात मी तेव्हा हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होतो. अप्पा कारखान्याच्या करमणूक केंद्राचे व्यवस्थापक. म्हणजे पत्र्याचा एक हॉल, लोखंडी खुर्च्या, मोठा टीव्ही, व्हीसीआर आणि मागच्या बाजूला अप्पांची खोली. घर लिंगायत, बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेलं. थोरल्या भावानं गादी सांभाळली, धाकट्यानं, म्हणजे अप्पांनी, लग्नाला ठाम नकार दिला आणि घराशी वाकडं घेऊन इथं येऊन राहिला. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात परीटघडीचा सदरा आणि हातात तो रुमाल. केंद्राच्या सात जणांच्या समितीचा मी सेक्रेटरी होतो, ते केवळ माझं अक्षर बरं होतं म्हणून.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. दसऱ्याला बॉयलर पेटवला, फोटो काढले, पण गाळायला ऊस कुठं होता? उभा होता तो चारा-छावणीतल्या जनावरांना तोडून घातला. कारखान्याच्या आवारात गुरं आणि पाण्याचे टँकर, आणि कामगार नुसते बसून. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत केंद्रात रोज दोन खेळ लागायचे आणि दोन्हींना मुंगी शिरायला जागा नसायची.

काय बघावं हे आसपासच्या चार गावांना अप्पा सांगायचे. हॉलच्या दारात फळा होता. त्यावर ‘आजचा खेळ’ असं लिहून खाली ते स्वतःचं मत खडूनं लिहायचे. ‘कौटुंबिक. रडू येईल. रुमाल घरून आणावा, माझा मिळणार नाही.’ ‘मारामारीचा. हिरो देखणा, बाकी सगळा कचरा.’ ‘मध्यंतरापर्यंत बघावा, नंतर घरी जाऊन भाकरी खावी.’ कॉलनीतल्या बायका फळा वाचायलाही थांबायच्या नाहीत, सरळ विचारायच्या, “अप्पा, आज यावं का न्हाई?” अप्पा रुमाल हलवून म्हणायचे, “आज नका येऊ, वैनी. नाचणारीची साडी लई घाण नेसवलीय.” आणि त्या खरोखर यायच्या नाहीत. नटाच्या मिशीपासून नटीच्या काठापदरापर्यंत त्यांना सगळं दिसायचं. आम्ही नुसती मारामारी बघायचो.

एका पिक्चरमध्ये एका बाईला ओढत नेण्याचा प्रसंग होता. तो सुरू होताच मागच्या रांगेतून शिट्टी आली. अप्पांनी कॅसेट थांबवली, दिवे लावले आणि रुमाल नाकाशी धरून त्या माणसापर्यंत चालत गेले. “उठ बे. कशावर शिट्टी मारलीस? ती रडायलीय आन् तुला मजा वाटायलीय? शीऽऽ. उठ, खुर्ची धुवावी लागंल आता.” तो माणूस चांगला आडदांड, ट्रकवरचा ड्रायव्हर. तो गुमान उठून गेला. अप्पांनी पाण्याचा तांब्या न आणता, टंचाईचे दिवस म्हणून, कोरड्या फडक्यानंच खुर्ची पुसली आणि मग खेळ पुढे चालू केला.

अप्पा ‘तसले’ आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, हसायचे मात्र सगळे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे पाहुणे यायचे. युसूफवडगाव या गावचा एक शिंपी, एक प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि तलवाड्याचे साहेबराव, एसटीत कंडक्टर, बायको तरुणपणीच वारलेली. दुसरा खेळ सुटला की मागच्या खोलीत त्यांची मैफल बसायची. टेपवर लावणी, शिंप्याच्या पायात घुंगरू, गुरुजींच्या खांद्यावर कुणाची तरी ओढणी. एकमेकांना ‘अगं’ म्हणायचे. वर्षभर शिंपी गावात खाली मान घालून मशीन मारायचा आणि गुरुजी पाढे घ्यायचे. या आठ दिवसांत ते मोठ्यानं हसायचे. शिंपी एकदा म्हणाला, “अगं, ह्या खोलीत आलं की माझं पोट दुखायचं राहतंय.” मी दाराशी किल्ली द्यायला गेलो होतो, तेव्हा ऐकलं. मला ते कसंतरीच वाटलं होतं.

त्या दिवाळीत आमचे एक संचालक, सगळे त्यांना नाना म्हणायचे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केंद्रात आले. कारखान्याची जीप बाहेर उभी. आदल्या रात्री नाना आणि त्यांची मंडळी त्याच जीपमधून हायवेवरच्या लावणीच्या कला केंद्रावर जाऊन आली होती आणि सकाळी ड्रायव्हर पिण्याच्या पाण्याच्या टँकरला नळी लावून जीप धूत होता. मी समोर होतो. अप्पा त्या नळीकडे बघत होते, रुमाल नाकाशी गेलेलाच होता.

“अप्पा,” नाना म्हणाले, “बाया-पोरं घरी गेल्यावर एक दिवस आमची कॅसेट लावायची. पेशल हाय.”

“कसली?”

नानांनी डोळा मारला. सोबतचे हसले.

“शीऽऽ. न्हाई लागायची, नाना. माझं मशीन बाटंल.”

“तुला कावून किळस यायली बे? बाईची किळस यायली का?” नाना म्हणाले, आणि सोबतचे मांडीवर थापा मारून हसले.

“बाईची न्हाई. बघणाऱ्याची,” अप्पा म्हणाले. “आन् ते पानी बंद करायला सांगा. माणसं घागरी घेऊन उभी हायत.”

नानांनी पाणी बंद करवलं. पण जाताना अप्पांकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला चांगली आठवते.

दुसऱ्या दिवशी पाडवा. तिन्हीसांजेला समितीच्या वहीसाठी मी मागच्या खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. आत पाटावर साहेबराव बसले होते, नवा सदरा घालून, डोक्यावर टोपी. समोर अप्पा, हातात ताट, ताटात निरांजन, सुपारी, हळदकुंकू. अप्पा त्यांना ओवाळत होते. पाडव्याला प्रत्येक घरात बायको नवऱ्याला ओवाळते, तसंच, अगदी तितक्याच सवयीनं. शिंपी आणि गुरुजी बाजूला उभे राहून कौतुकानं बघत होते. ओवाळून झाल्यावर साहेबरावांनी ताटात ओवाळणी टाकली. तो इस्त्रीचा पांढरा रुमाल होता. म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही ज्या रुमालाची टिंगल करत होतो, तो तिथून यायचा.

मला मळमळलं. खोटं कशाला बोलू? नानांची जीप टँकरच्या पाण्यानं धुतली तेव्हा मला काही झालं नव्हतं, आणि दोन माणसांच्या मधलं ते निरांजन बघून मला मळमळलं. मी वही न घेताच परत फिरलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सकाळी कँटीनमध्ये मी ते सगळं नक्कल करून दाखवलं. कपाची बशी हातात घेऊन ओवाळून दाखवलं. लोक पोट धरून हसले आणि मला फार बरं वाटलं. दुपारी नानांनी बोलावून घेतलं.

“कामगार कपातीची यादी निघनार हाय,” ते म्हणाले. “तुझं नाव टाइम ऑफिसात खालून दुसरं हाय. ठराव चांगला लिहितोस तू. लिही.”

समितीची सभा झाली. विषय दोनच होते, हॉलचा गळका पत्रा आणि टँकरच्या फेऱ्या. ते आटोपल्यावर ‘ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’ असं आलं आणि मी उभं राहून वाचलं. ‘केंद्राच्या आवारात व्यवस्थापकांकडून किळसवाणे प्रकार घडत असल्याने त्यांना तात्काळ सेवामुक्त करण्यात यावे.’ सहकारात ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदक असा सदस्य, ज्याची मुलगी अप्पांनी निवडून दिलेल्या साडीत बोहल्यावर उभी राहिली होती. सर्वानुमते मंजूर. पाच मिनिटंही लागली नाहीत.

प्रत घेऊन मलाच जावं लागलं. अप्पांनी कागद रुमालानं धरला आणि शेवटपर्यंत वाचला.

“अक्षर लई सुरेख हाय, सेक्रेटरी,” ते म्हणाले. “किळस हा शब्द माझ्याकडूनच उचललास. पन ती कशाची करायची, तेवढं न्हाई शिकलास.”

मी काहीतरी बोलायला गेलो. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तुझ्या तोंडाला वास यायलाय.” मी सकाळी दात घासले होते.

निघताना त्यांनी किल्ल्या पुसून दिल्या, फळा पुसला आणि एक पत्र्याची पेटी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहिले. साहेबरावांची गाडी आली. सगळी कॉलनी कुंपणाला लागून बघत होती. साहेबराव खाली उतरले, पेटी स्वतः उचलून आत ठेवली, अप्पांना आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, “तलवाडा का?”

“तलवाडाच,” अप्पा म्हणाले. साहेबरावांनी घंटी मारली.

त्याच रात्री नानांची कॅसेट लागली. मशीन चालवायला मीच होतो, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ठरावाला हात वर करणारे सगळे समोर बसले होते, तोंडं उघडी, ओठांवर जीभ फिरवत. टीव्हीच्या उजेडात ते चेहरे जे दिसले, ते मी आजवर पाहिलेलं सगळ्यांत घाण दृश्य आहे. मी बाहेर पळालो, भिंतीशी ओकलो आणि टँकरची तोटी सोडून चूळ भरली. एक नाही, चांगल्या पाच-सहा चुळा. पिण्याचं पाणी होतं. शेजारी लोकांनी सकाळसाठी नंबर लावून ठेवलेल्या घागरी होत्या. तरी तोंडाचा वास गेला असं मला वाटलं नाही.

कपातीच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्या टेबलावरूनच निवृत्त झालो.

परवाच्या दिवाळीत मुलगी सुट्टीला आली होती. आता फळा फोनमध्ये आला आहे, काय बघावं, काय बघू नये याच्या याद्याच्या याद्या. ती एकेक दाखवत होती आणि एका नावावर थांबून म्हणाली, “बाबा, हा दोन पुरुषांच्या संसारावर आहे. छान आहे, पण तुम्ही नका बघू. तुम्हाला किळस येईल.” सहज म्हणाली ती. माझी किळस पोरीला एवढी पाठ आहे हे मला माहीत नव्हतं. मी उठलो, चपला घातल्या आणि तलवाड्याची गाडी धरली. पाडव्याचा दिवस होता.

साहेबराव आता पंच्याऐंशीच्या घरात असतील. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं, लख्ख. भिंतीवर अप्पांचा फोटो.

“सेक्रेटरी ना तुमी?” त्यांनी ओळखलं. “तीन वर्षांखाली गेला अप्पा.”

मी म्हणालो, “तो ठराव मी लिहिला होता. कँटीनमध्येही मीच...”

“ठाऊक हाय. लई दिवस घाणघाण शिव्या दिल्या आमी तुमाला.” त्यांनी शांतपणे फोटोसमोर पाट मांडला, ताटात निरांजन लावलं आणि शेजारी नवा रुमाल ठेवला. “मंग अप्पाला सुचलं. तुमचाच कागद काढला आन् म्हनला, आपुन बी सभा घेऊ. दर पाडव्याला ताट हातात घेतलं की म्हनायचा, विषय क्रमांक एक. साहेबरावनं आनखी एक वर्ष ह्या घरात ऱ्हावं. सूचक, अप्पा. अनुमोदक कोन? मंग मी हात वर करायचा. सर्वानुमते मंजूर. हसून हसून निरांजन विझायचं त्याच्या हातातलं.”

मग ते ताट उचलून फोटोसमोर उभे राहिले.

“विषय क्रमांक एक,” ते म्हणाले. “अप्पानं आनखी एक वर्ष ह्या घरात ऱ्हावं. सूचक, साहेबराव.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “अनुमोदक न्हाई. तीन वर्षं विषय तसाच पडून हाय.”

मी हात वर केला. ठराव लिहिणारा तोच उजवा हात. मला त्याची आजही किळस येते, पण त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.