राउटर बंद, मास्तर गेले!

गेल्या डिसेंबरात एका दुपारी मी वारलो, आणि ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली.

मध्य प्रदेशातल्या देवासच्या घरात मी, निवृत्त मास्तर, एकटाच. ही जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी मुग्धा पुण्याला नेटवर्कच्या नोकरीत. दिवाळीत आली तेव्हा कसल्याशा परीक्षेच्या सरावासाठी तिनं एक राउटर इथे बसवला, दुसरा तिच्या घरी.

"बाबा, हे दोघे आता एकमेकांचे शेजारी. दर दहा सेकंदांनी 'हॅलो' म्हणतात, त्यावरून शेजारी आहे हे कळतं."

"आणि एखादा नाहीच बोलला तर?"

"चाळीस सेकंद वाट बघायची. मग तो गेला असं समजून यादीतून नाव कमी!"

(आमच्या गल्लीत चाळीस दिवसांत मला कुणी हॅलो म्हणालं नव्हतं. मी तरी कुठे कुणाला म्हणालो होतो म्हणा!)

त्या दुपारी मोबाईल बंद पडला. रिकामा प्लग मिळेना, म्हणून बटण बंद करून राउटर काढला, तिथे चार्जर लावला (बटण पुन्हा दाबायला विसरलो!), कानटोपी चढवली आणि मागच्या दारानं गच्चीवर जाऊन उन्हात आडवा झालो.

तिकडे पुण्यात मुग्धाच्या स्क्रीनवरून शेजारी गेला! फोन लावते तर तोही बंद. घाबरून तिनं पलीकडच्या घरातल्या दिनेशभियांना कळवलं.

मला जाग आली ती धडाधड आवाजानं. खाली येऊन बघतो तर माझ्याच पुढच्या दाराशी पंधरा माणसं!

"क्या हुआ, भिया?" मी मागून विचारलं.

"मास्टरजी नी रहे," वळूनही न बघता एकजण म्हणाला.

"अरेरे! आदमी कैसे थे?" (हे मी विचारायला नको होतं.)

"अच्छे ही होंगे. किसी से बोलते नी थे."

काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात दिनेशभिया दारासकट आत पडले! सगळे आत धावले. त्यांच्यामागोमाग मीही, माझ्याच खोलीत मला शोधायला! तिथे कानटोपी काढली मात्र, दोघे किंचाळलेच.

दिनेशभियांनी धापा टाकत फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे मुग्धा रडत होती.

"बाबा, निदान हॅलो तरी म्हणा!"

"हॅलो," मी म्हणालो.

दार बसवायला सुतार आला. तीन दिवस रंधा, चहा, गप्पा, त्याच्या सासूचे गुडघे. घर कसं भरून गेलं होतं! मग काम संपलं, हत्यारं आवरून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस घेतला आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या स्वतःच्या हातानं ढिल्या केल्या.