पाणी न पाहिलेली होडी

आमच्या पॅकिंग-मूव्हिंग कंपनीत जनार्दनएवढा काळजीखोर माणूस दुसरा नव्हता. देवगडचा सुतार. मस्कतमध्ये लोकांची कपाटं हलवण्यात उमर गेली, तरी प्रत्येक कपाट उचलताना तोंडात देवाचं नाव. मी त्याचा सुपरवायझर, आणि मला त्या काळजीचा भयंकर वैताग यायचा. एवढं जपूनही त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचं काचेचं शोकेस फुटलंच. अर्बाबनं, म्हणजे आमच्या ओमानी मालकानं, बजावलं, "और एक गलती, खलास." खलास म्हणजे गावी परत. त्याची मुलगी ज्ञानदा कुडाळला नर्सिंग शिकत होती, ती याच नोकरीवर.

नेमकी तेव्हाच, २०१४ मध्ये, ती बर्फावरची होडी आली. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका हॉलमध्ये जुन्या बोटींचं प्रदर्शन होतं. ही शंभरेक वर्षांपूर्वीची, शिडाची, खाली लोखंडी पाती लावलेली; थंड देशात गोठलेल्या तळ्यावरून वाऱ्यानं घसरत जायची. सोहार बंदरातून आम्ही ती जीव मुठीत धरून आणली. पेटी उघडली, तर फळ्यांमध्ये बारीक फट. जनार्दनचा चेहरा उतरला.

"लाकूड सुकला हा, धनंजयभाऊ. फुटतली ही."

"उद्या होडीची निगा राखणाऱ्या मॅडम येतायत, त्या बघतील," मी खेकसलो आणि घरी गेलो.

सकाळी हॉलमध्ये शिरलो आणि पायाखालची जमीनच सरकली. होडीवर ओली पोती! देवगडला किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या फळ्या उकलू नयेत म्हणून टाकतात, तशी. पोती उचलली, तर पॉलिश पांढरं पडलेलं आणि पात्यांवर तांबूस गंज.

"अरे, पाणी कशाला घातलंस?"

"होडयेक पाणी नाय तर काय व्हया?"

"आता तोंड उघडू नकोस. पेटीत दमट हवा शिरली म्हणून सांगू."

थोड्या वेळानं त्या गोऱ्या मॅडम आल्या आणि त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. अर्बाब शेजारीच उभा. मी दमट हवेचं सुरू करणार, तोच जनार्दन बोलून गेला, "मॅडम, पानी मैंने डाला." का, तेही त्यानं सांगितलं. मनातल्या मनात त्याला शिव्या घालत मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "ही कधी पाण्यात उतरलीच नाही. हिच्याखाली पाणी आलं, म्हणजे बर्फ फुटला आणि वरची माणसं बुडाली."

मी जनार्दनला ते सांगितलं, तसा तो आपल्या सदऱ्यानं पात्यांवरचं पाणी पुसायला लागला.

"खलास! इसको गाव भेजो," अर्बाब गरजला.

मॅडमनी त्याला थांबवलं. गंज निघेल, पॉलिशही करता येईल, पण प्रदर्शन संपेपर्यंत हाच माणूस होडीपाशी हवा, म्हणाल्या. हिच्यासाठी एवढा घाबरणारा दुसरा कोणी त्यांना मिळणार नव्हता. अर्बाबनं हात झटकले. पुढे होडी परत पाठवताना पेटी ठोकायला त्यानंच जनार्दनला बोलावलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शन चालू होतं तोवर जनार्दन तिथून हलला नाही. एसीचं पाणी ठिबकतंय का म्हणून सारखा छताकडे बघायचा. तहान लागली की तेवढा दाराबाहेर जायचा. पाण्याची बाटली त्यानं बाहेरच ठेवली होती.