आधी नाक, मग थेंब

खंडेनवमीला ऑपरेटरांचं सिनेमाचं मशीन थांबलं. त्यांनी गल्लीसमोर सुनेला दोष दिला. ती घरात गेली.

त्या दिवसाआधीचे ऑपरेटर तुम्हाला दिसायला हवेत. तेलाच्या बाटलीचं बूच काढायचं, बाटली नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, आणि मग एक थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळायचा. "आधी नाक, मग थेंब," असं म्हणायचं. एवढं झाल्याशिवाय त्यांनी मशीनला कधी तेल घातलं नाही. कुणी नवीन माणूस बघायला बसलेला असला की डोळे जरा जास्त वेळ मिटलेले असत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम बघायला बसावंसं वाटतं आणि त्यालाही ते ठाऊक असतं.

गल्ली विट्यातली, एसटी स्टँडच्या मागची. तरुणपणी ते तंबू टॉकीजवर मशीन चालवायचे. औंधच्या यात्रेला, आटपाडीच्या बाजाराला, जिथं माणूस जमेल तिथं त्यांचा तंबू जायचा. तंबू बंद पडला तेव्हा मालकानं निरोप म्हणून सोळा एमएमचं एक जुनं प्रोजेक्टर मशीन त्यांना देऊन टाकलं. ते त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली, टेबलावर ठेवलं. नाव सगळे विसरले. लहानथोर त्यांना ऑपरेटर म्हणत. मी शेजारचा, कॉलेजातून निवृत्त झालेला ग्रंथपाल. मी त्यांना नाना म्हणायचो, ते मला सर.

मशीनबरोबर एकच रीळ आलं होतं, कुठल्याशा काळ्यापांढऱ्या चित्रपटाचं मधलं. पहिलं आणि शेवटचं कुठं गेलं, देव जाणे. एक बाई विहिरीवर पाणी शेंदते, घोड्यावरून एक माणूस येतो, काहीतरी विचारतो, निघून जातो, आणि बाई घागर घेऊन घरी येते. दर खंडेनवमीला, दिवेलागणीनंतर, मशीन अंगणात यायचं आणि समोरच्या भिंतीवर गल्ली हे रीळ बघायची. तो माणूस तिचा नवरा की भाऊ, यावर दोन तट होते.

"नवरा असता तर घागर उचलू लागला असता," कुणी म्हणायचं.

"तुजा उचलतोय व्हय गं?" दुसरीकडून यायचं.

ऑपरेटर मशीनमागून ओरडायचे, "गप बसा रं. आवाज ऐकू येऊ द्या." आवाज चित्रपटाचा नसायचाच, स्पीकर केव्हाच गेला होता. त्यांना मशीनचा आवाज ऐकायचा असायचा.

दर शनिवारी ते मशीनला तेल घालत. शिलाई मशीनचं तेल, खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत भरलेलं. जिथं जिथं थेंब टाकायचा तिथं त्यांनी लाल रंगाचे ठिपके दिले होते. मशीनच्या पोटात एक छोटा पंजा असतो. तो फिल्म एकेक चित्र खाली ओढतो. त्या पंज्याशी त्यांचं बोलणं चाले. "भूक लागली का गड्या? थांब, देतो."

मशीनला हात लावायची मुभा फक्त एका माणसाला होती, त्यांच्या सुनेला. ती आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मुलगा सैन्यात, वर्षातून एकदा यायचा. घरात हे दोघंच. ऑपरेटरांची नजर कमी झाल्यापासून फिल्म ओवायचं काम तिच्याकडं होतं. बारीक खोबणीतून ती फिल्म अशी सरकवायची की ते बाहेर आम्हाला अभिमानानं सांगत, "मेंढराच्या पायातला काटा काढायचा हात हाय तो."

त्या वर्षी गणपतीआधी घराला रंग दिला. सगळं सामान अंगणात आलं आणि पुन्हा आत गेलं. त्यानंतर सून दोन-चार दिवस कुरकुरत होती की देवापुढचा दिवा नुसता धूर सोडतोय, काच काळी झाली. दुकानदारानं तेलात भेसळ केली म्हणून ती त्याच्याशी भांडूनही आली. आम्ही ते ऐकलं आणि विसरलो.

खंडेनवमीला सकाळी तिनं मशीनची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, निरांजन. संध्याकाळी गल्ली सतरंज्या घेऊन जमली. बाईनं विहिरीत दोर सोडला आणि चित्र अडखळलं. बाई वाकली ती वाकलेलीच राहिली. मग तिच्या गालावर तपकिरी डाग आला, पसरला, आणि चेहरा भिंतीवरच जळून गेला.

ऑपरेटरांनी दिवा बंद केला. झाकण काढून बोट आत घातलं. बोट चिकटलं. त्यांनी ते अंगठ्यानं चोळलं आणि दारात उभ्या सुनेकडं पाहिलं.

"गोडं तेल घातलंस व्हय मशीनला?"

"न्हाई, मामंजी. हळद-कुंकू लावलं फक्त."

"पूजा कुणी केली?"

"मीच केली. पर तेल न्हाई घातलं."

"मग काय देवानं येऊन घातलं?"

गल्ली हसली. मीही हसलो. ती पदर सावरून आत गेली.

दसरा झाल्यावर ते मशीन खोलून बसले. मी सोबतीला गेलो. वाटीत पेट्रोल घेऊन ते एकेक भाग ब्रशनं धूत होते. पिवळा, मधासारखा चिकटा सुटत नव्हता. खोलीत पेट्रोलचा वास इतका भरला की माझं डोकं जड झालं.

"नाना, खिडकी उघडू का?"

"कशाला?"

"वास डोक्यात जातोय."

"कसला?" ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून तो शब्द गेला आणि त्यांनाच ऐकू आला. ब्रश थांबला. खिडकी तशीच बंद राहिली.

त्यांनी बोटावरचा चिकटा माझ्यासमोर धरला. "सर, हे करडईचं तेल हाय. वाळलं की आसं डिंकागत हुतं. पर एका दिसात न्हाई हुत. महिना तरी लागतोय." ते स्वतःशीच बोलत होते. "मागल्या महिन्यापास्नं जड चाललंय. मी म्हणालो तेल कमी पडतंय. आनी आनखी घालत गेलो."

मग त्यांनी टेबलावरची तपकिरी बाटली उचलली. सवयीनं ती नाकाकडं निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि माझ्यापुढं आली.

"तुमी बघा."

मी हुंगलं. फोडणीचा वास होता. मी मान हलवली.

तशाच औषधाची दुसरी बाटली देवघरात होती, दिव्याच्या तेलाची. रंगकामात दोन्ही बाटल्यांची अदलाबदल झाली होती, आणि देवाचा दिवा बिचारा शिलाई मशीनच्या तेलावर धुमसत होता. तेल संपल्यावर सुनेनं बाटली धुऊन नवीन भरली, म्हणून धूर थांबला. मशीनच्या बाटलीकडं मात्र कुणी पाहिलं नाही, कारण तिला राखणारं नाक होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या कोरोनात गेलं. परत आलंच न्हाई."

"मग इतकी वर्षं बाटली नाकाशी..."

"लोकं बघायची ना," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. त्या दिवसापासून ती या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती; कप दाराशी ठेवायची. ऑपरेटर म्हणाले, "ए बाई, थांब. चूक माजी हाय. बाटली बदलली हुती, मला कळलं न्हाई. मला वास येत न्हाई."

तिचा चेहरा बदलला नाही. "मला ठावं हाय, मामंजी."

"ठावं हाय?"

"दूध करपून कोळसा झालं तवा तुमी चुलीशेजारी बसला हुता. तवाच कळलं."

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

"गल्लीसमोर?" ती म्हणाली. "तुमचं नाक कापू?"

तिनं कप खाली ठेवला. "आता सांगितलंत ते चार भिंतीत. बोलला हुता ते चारचौघांत." आणि ती गेली.

मशीन धुऊन, जोडून झालं. त्यांनी त्यावर चादर टाकली. पुढचं वर्षभर ती मी उचललेली पाहिली नाही. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात ते बसेनासे झाले. गल्लीतून यायचं टाळून मागच्या बोळानं ये-जा करत. कुणी विचारलं, "ऑपरेटर, सुनेनं मशीन पार बिघडवलं काय हो?" तर "चालायचंच" म्हणून पुढं जात, आणि वळणावर गेल्यावर थांबून उभे राहत. मी पाहिलंय. बोलायचं एक वाक्य होतं. पण त्या वाक्यात त्यांचा सगळा थाट जाणार होता, आणि ते न बोलण्यात तिची लाज रोज जात होती. हे त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ कळत होतं. म्हणून तर मागचा बोळ.

पुढची खंडेनवमी आली. त्यांनी स्वतः दारोदार जाऊन बोलावलं. गल्ली जमली. सून पूजा करून बाजूला उभी होती. ऑपरेटर मशीनपुढं आले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"गेल्या वर्सी मशीन मी बिघडवलं. करडईचं तेल मी घातलं, महिनाभर. हिनं न्हाई. मला वास येत न्हाई. बाटली नाकाशी नेतो ते सोंग हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

त्यांनी बाटली तिच्यापुढं धरली. "बघ."

तिनं लगेच घेतली नाही. मग घेतली, बूच काढलं, हुंगलं. "मशीनचं हाय."

"घाल मग."

तिनं लाल ठिपक्यांवर थेंब टाकले, फिल्म ओवली, दिवा लावला. ऑपरेटर आमच्यात सतरंजीवर येऊन बसले. जन्मभर त्यांनी पडदा मशीनमागून पाहिला होता. जळालेला तुकडा कापून फिल्म जोडलेली असल्यानं बाई आता विहिरीशी वाकते आणि एकदम घोडेवाला पुढ्यात उभा राहतो.

"हितनं लय मोठी दिसती की," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "सर, ती माझ्याशी आजून पयल्यासारखं बोलत न्हाई."

"बोलेल."

"न्हाई बोलली तरी चालंल," ते म्हणाले, आणि भिंतीकडं बघत राहिले.

माघात ते गेले. झोपेतच. तिनं त्यांच्यासाठी काय सोसलं आणि किती माफ केलं, ते मी विचारलं नाही; विचारायचा माझा अधिकार नाही.

गल्लीत पाहुणा आला की अजून कुणीतरी हसत सांगतो, ऑपरेटरच्या सुनेनं मशीनला गोडं तेल घातलं होतं. दुसऱ्या खंडेनवमीला तो सांगणाराही सतरंजीवर होता. पहिली गोष्ट तेवढी त्याच्या लक्षात राहिली. मी दर वेळी दुरुस्ती करतो. लोक "हो का" म्हणतात.

मशीन खिडकीखालीच आहे. रीळ एकच आहे. देवघरातल्या बाटलीच्या गळ्याला सुनेनं लाल दोरा बांधला आहे. शनिवारी ती मशीनला तेल घालते.