अकरा तळी आणि जेवायचं टेबल

छटाबाईच्या घरात जेवायचं टेबल आहे, पण गेल्या नऊ वर्षांत त्यावर कुणी जेवलेलं नाही. त्यावर कधी धुक्यातला किल्ला असतो, कधी होड्यांनी भरलेलं बंदर, तर कधी नुसतंच आकाश, चारी कडा लागलेल्या आणि मधे भलंमोठं भोक. तिची थोरली बहीण, ताई, खिडकीपाशी खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन जेवते. छटाबाई ओट्याशी उभी राहून जेवते. जेवताना तिची नजर टेबलाकडेच असते.

छटाबाई हे नाव तिला रंगाच्या दुकानात मिळालं. तीस वर्षं ती तिथे रंग कालवते. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येतं, फरशीची कपची घेऊन येतं. एकजण तर आईच्या स्वेटरचं बटण घेऊन आला होता. "हाच रंग हवा," एवढंच म्हणायचं आणि बाकावर बसायचं. छटाबाई ती वस्तू दारातल्या उजेडात धरते, डोळे बारीक करते, आणि पांढऱ्याच्या डब्यात पिवळ्याचे दोन थेंब, काळ्याचा अर्धा, काडीच्या टोकाला येईल इतका लाल घालते. दुकानात यंत्र आहे, पण यंत्राचं चुकलं की मालक तिलाच हाक मारतात. रंग जमला की डब्याच्या झाकणाला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवायचं: काय किती घातलं, तारीख, किंमत. सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत आलं, तर झाकण उलटं केलं की झालं. ही सवय तिच्या हातात इतकी मुरली आहे की घरातल्या पिठाच्या डब्याच्या झाकणालाही आतून तारीख असते.

नऊ वर्षांपूर्वी दुकानासमोरच्या जुन्या सामानवाल्याकडे तिला एक खोकं दिसलं. हजार तुकड्यांचं जिगसॉ, वर तळ्याचं चित्र, आणि कोपऱ्यात कुणीतरी खडूनं लिहिलेलं: एक तुकडा नाही. रोख पैसे देऊन तिनं ते घेतलं आणि पंधरा दिवसांत लावलं. नसलेला तुकडा नेमका डोंगराची सावली संपते आणि पाणी सुरू होतं तिथला होता. आठवडाभर ती त्या भोकाकडे बघत राहिली. दुकानातही तिला ते दिसायचं. डब्यात निळा ओतताना वाटायचं, हा नव्हे, याच्याहून थोडा झोपेतला हवा. शेवटी एका रविवारी तिनं पुठ्ठा कापला, कानसून गोल केला, आणि चार वेळा रंगवला. पाचव्यांदा तुकडा बसवला तेव्हा तिचा तिलाच तो सापडेना. तळं मिटलं होतं. खिडकी बंद होती तरी तिला गार वारं लागल्यासारखं वाटलं, आणि ती बराच वेळ काठावर बसून राहिली.

तुकडा बसवण्याआधी तिनं त्याच्या पाठीवर लिहिलं होतं: निळा तीन, हिरवा एक, राखाडी चिमूट, तारीख, आणि खोक्याला मोजलेली किंमत.

मग खोकी येत गेली. जिथे जिथे कुणाचं घर रिकामं होई तिथे छटाबाई रविवारी हजर, "तुकडे नसलेलं काही आहे का?" विचारत. लोकांना वाटे, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, आणि ज्या दिवशी ताईच्या साड्यांच्या खणात समुद्रकिनारा निघाला त्या दिवशी ताईनं फर्मान काढलं.

"विक हे. फोनवर फोटो टाकतात, लोक पैसे पाठवतात, तसं विक. आणि ऐकून ठेव, घरात दुकान मी चालू देणार नाही. हा छंद आहे तोवर टेबल तुझं. धंदा झाला की टेबल माझं. मला म्हातारपणी एकदा तरी माणसासारखं टेबलावर जेवायचंय."

ताई शाळेच्या कार्यालयात कारकून होती. तिच्या तोंडून निघालेलं वाक्य फाइलला लागल्यासारखं लागतं, नंतर काढता येत नाही.

छटाबाई विकू लागली. पैसे पाठवताना "कशासाठी" अशी एक ओळ भरावी लागते. तिथे काय लिहायचं, असं घेणारे विचारत. ती सांगे, "चित्रात जे आहे ते लिहा." त्यामुळे तिला पैसे येत ते असे: सकाळचं तळं. धुक्यातला किल्ला. दोन घोडे. दुपारी दुकानात डबे हलवताना फोन किणकिणला की ती बघे आणि हसे. एखादं गाव आपल्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरी राहायला गेलं, असं तिला वाटे.

पत्र आलं ते शनिवारी सकाळी. ताईनंच फोडलं, कारण सरकारी पाकीट दिसलं की तिचा हात आपोआप जातो. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"बस," ती म्हणाली.

"काय झालं?"

"तू यंदा त्रेपन्न वेळा काहीतरी विकलंस. नवा नियम आहे. ज्या कंपनीमार्फत ऑनलाइन पैसे येतात, तिनं तीसच्या वर वेळा पैसे आलेल्या माणसाचं नाव आणि वर्षाची बेरीज कर कार्यालयाला कळवायची. तुझी कळवली."

"मग कर लागला?"

"कळवलं म्हणजे लागला असं नाही. नीट ऐक, मधे तळ्यात जाऊ नकोस." ताईनं चष्मा वर केला. "वापरलेली वस्तू घेतली त्यापेक्षा कमीला विकली, तर कर नाही. जास्तीला विकली, तर वरच्या फायद्यावर. पण कितीला घेतली ते दाखवता आलं नाही, तर आलेले सगळे पैसे मिळकत. आणि वारंवार, फायद्यासाठी विकत असशील तर तो धंदा. नोंदणी करायची, दर महिन्याला फॉर्म भरायचे. तीन आठवड्यांनी पुरावे घेऊन बोलावलंय. पावत्या आहेत?"

छटाबाईची नजर टेबलाकडे गेली.

"अगं, पावत्या."

"जुना सामानवाला पावती देतो होय? त्याच्याकडे पेन तरी असतं का?"

"मग लिहून ठेवलं असशील कुठे."

"लिहिलंय की. प्रत्येकाचं लिहिलंय."

"हां. आण वही."

"वहीत नाही. तुकड्यावर. मागच्या बाजूला."

"आणि तुकडे कुठे आहेत?"

"गेले ना. चित्रांबरोबर."

ताईनं पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "तुझ्यासारखी बाई माझ्या शाळेत असती ना," ती म्हणाली, "तर मुलांचे दाखले मुलांच्याच पाठीवर लिहून दिले असते तिनं."

त्या दिवशी छटाबाईनं टेबलावरच्या आकाशाला हात लावला नाही. दोन हजार तुकड्यांचं आकाश होतं, फळीवर मांडलेलं, एकही पक्षी नाही, ढगही नसल्यासारखेच. ती नुसती कडेकडेनं फिरली. टेबल गेलं तर हे कुठे मांडायचं, याचा विचार तिनं करून पाहिला. पलंगावर झोपावं लागतं. जमिनीवर गुडघे ऐकत नाहीत. खोक्यात बंद आकाश म्हणजे काय, नुसता पुठ्ठाच.

रविवारी तिनं त्रेपन्न जणांना एकच निरोप पाठवला: "मी तुम्हाला जिगसॉ विकणारी. त्यात एक तुकडा मी केलेला आहे. तो शोधून उलटा करा आणि फोटो पाठवाल का? मागे पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. मला कर कार्यालयात दाखवायचंय. तसदीबद्दल माफ करा."

"कोण बसलंय तुझ्यासाठी हजार तुकडे उपसायला," ताई म्हणाली.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात ती पांढऱ्यात गेरू मिसळत होती, तेव्हा फोन किणकिणला. एका अनोळखी माणसाचा तळहात, रेषांनी भरलेला, आणि मधोमध उलटा तुकडा. करडा दोन, गुलाबी पाव, तारीख, चाळीस. मग आणखी एक हात, मेंदीसारखी शाई लागलेला. मग बांगड्यांचा. मग एक तान्हं बाळ, आणि त्याच्या उघड्या मुठीत बंदराचा तुकडा. सगळा आठवडा हात येत राहिले. कुठे कुठे राहणारे लोक, आपापल्या टेबलाशी, जमिनीवर, गच्चीवर बसून तिची चित्रं पुन्हा लावत होते आणि तिला शोधत होते. छटाबाईला वाटायचं, आपण त्या घरांतून फिरतोय, पायात चपला नाहीत, आणि सगळीकडे रविवारची दुपार आहे.

ताई प्रत्येक फोटो बघून कागदावर दोन आकडे लिहायची, घेतल्याचा आणि विकल्याचा. दहाव्या फोटोपाशी तिनं पेन खाली ठेवलं.

"हे काय? चाळीसला घेतलंस आणि पस्तीसला विकलंस?"

"हो."

"महिनाभर डोळे फोडून?"

"त्यात एक तुकडा खोटा असतो ना, ताई. माझा. पूर्ण पैसे कसे घ्यायचे?"

"सगळ्यांत असंच?"

"जवळजवळ."

ताईनं कागदावरच्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "आणि मी दोन वर्षं समजतेय, ही गुपचूप पैसा साठवतेय," ती म्हणाली. "याला धंदा म्हणणारा माणूस भेटला तर मला दाखव. मला त्याची दृष्ट काढायचीय."

सेहेचाळीस फोटो आले. सहाजणांनी उत्तरच दिलं नाही. आणि एक पत्र आलं, खरंखुरं, पाकिटातलं. एका निवृत्त नर्सबाईंचं. त्यांनी घेतलं होतं ते सकाळचं तळं, छटाबाईचं पहिलं. ते तिनं यंदापर्यंत विकलं नव्हतं. फोटो टाकल्यावर नर्सबाईंनी किमतीच्या दुप्पट पैसे पाठवले होते आणि परत घ्यायला ठाम नकार दिला होता. आता त्यांनी लिहिलं होतं: "मी ते फळीवर चिकटवून पलंगासमोर लावलंय, त्यामुळे उलटं करता येत नाही. तुमचा तुकडा कुठला, तेवढं तरी सांगावं म्हणून भिंग घेऊन तीन दिवस बसले. सापडला नाही. क्षमा असावी."

छटाबाईनं ते पत्र पर्समध्ये ठेवलं, पुराव्यांच्या पाकिटात नाही.

कर कार्यालयातल्या त्या खोलीला एकच खिडकी होती आणि भिंत कुणीतरी चुकीच्या क्रीम रंगानं रंगवली होती. थोडा काळा जास्त पडलाय, छटाबाईच्या मनात आलं. तपासनीस तरुण होते, पण चेहरा दमलेला. त्यांच्यासमोर यादी होती.

"बसा. यंदा तुम्ही अकरा तळी विकली," ते म्हणाले.

"हो."

"दोन किल्ले, एक बंदर, सव्वीस डोंगर. आमच्याकडे हे आधी जमिनीच्या व्यवहारांच्या खात्यात गेलं होतं. तिथून चार दिवसांनी परत आलं." त्यांनी पान उलटलं. "आणि दोन घोडे. ते कुठे बांधत होता?"

"टेबलावर," छटाबाई म्हणाली.

तिनं आधी सगळं सांगितलं, मग फोन पुढे केला. तपासनीस एकेक हात बघत गेले. आधी भराभर, मग हळू. बाळाच्या मुठीपाशी थांबले, बोटांनी चित्र मोठं केलं, आकडा वाचला आणि ताईच्या कागदाशी ताडला.

"हे आधीच लिहिलेलं असायचं? विकण्याआधी?"

"तुकडा बसवण्याआधी. बसवल्यावर कसं लिहिणार?"

"बरोबर." ते जरा लाजल्यासारखे झाले. "नियमात आहे, खरेदीच्या वेळी केलेली नोंद चालते. कागदावरच पाहिजे असं म्हटलेलं नाही. पुठ्ठा चालेल." त्यांनी बेरीज केली. "बाई, तुम्ही दरवेळी तोट्यात आहात. असा धंदा मी तरी पाहिलेला नाही. छंद म्हणून लिहितो. या सहांचा पुरावा नाही, त्यांची पूर्ण रक्कम मिळकतीत धरावी लागेल. थोडासाच कर होईल. आणि हे एक राहिलं, सकाळचं तळं. याचा फोटो नाही, पण किंमत आठवत असेल, तर लेखी निवेदन द्या. निदान खरेदी वजा करून बघू."

छटाबाईला किंमत आठवत होती. खडूतलं अक्षरसुद्धा आठवत होतं. तिनं पर्समधल्या पत्रावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "त्याचे सगळे पैसे धरा."

"अहो, उगाच जास्त भराल."

"भरते. त्यातला तुकडा सापडत नाही."

तपासनीसांनी तिच्याकडे पाहिलं. कर भरताना असा आनंद झालेलं माणूस त्या खोलीत फारसं येत नसावं. त्यांनी आकडा लिहिला. ती उठली तेव्हा ते हळूच म्हणाले, "एखादं बंदर आलं तर कळवा. आमच्या वडिलांचा वेळ जात नाही."

ती घरी पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दार उघडंच होतं. टेबल रिकामं होतं, पुसलेलं, त्यावर दोन ताटं आणि दोन पेले. आकाश नव्हतं. छटाबाई उंबऱ्यातच थांबली.

"पलंगावर आहे, माझ्या," ताई आतून म्हणाली. "फळीसकट सरकवलं. एक तुकडा हलला नाही. काय म्हणाले?"

"छंद."

ताई भात वाढता वाढता थांबली. "छंद?"

"तसं लिहिलं त्यांनी."

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि भांडं जरा आदळलंच. "पण आता मांडलंय तर जेवू. मी सकाळपासून पुसतेय."

दोघी समोरासमोर बसल्या. ताईनं ताठ बसून पहिला घास घेतला. मग कोपर टेबलावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. खुर्ची पुढे ओढली, तर कड बरगडीला लागली. मागे घेतली, तर घास वाटेत सांडला.

"हे टेबल आधी असंच उंच होतं?"

"तेच आहे, ताई."

"मला नाही वाटत."

चौथ्या घासाला तिनं ताट उचलून मांडीवर घेतलं. पाचव्याला ती उठली आणि खिडकीपाशी तिच्या खुर्चीत जाऊन बसली. समोर स्वच्छ लाकूड होतं, पण छटाबाईला काय बघत जेवावं ते कळेना.

हात धुऊन ताई दारात उभी राहिली. "ते उचल माझ्या पलंगावरून. दुपारची मी पडू कुठे?"

एका टोकाला ताई, दुसऱ्याला छटाबाई, अशी त्यांनी फळी उचलली. आकाश मधोमध थोडं वाकलं, पण सुटलं नाही.

"हळू. खाली बघ," ताई म्हणाली.

"तू बघ. मी मागे चालतेय."

आणि दोघी बहिणी, मधे निळं धरून, एकेक पाऊल टाकत टेबलाकडे निघाल्या.