कोंबडी संपेपर्यंत

मी माळकरी माणूस. अंड्यालासुद्धा हात लावत नाही. तरी आमच्या ईट गावात कोंबडीची सगळ्यात जास्त माहिती कुणाला असेल, तर ती मला. यात दोष माझा नाही, भिंतीचा आहे. कस्तुरावैनींचं अंगण आणि माझं अंगण यांच्यात एकच भिंत, तीही कमरेएवढी. बायको गेल्यापासून मी एकटाच रांधतो, एकटाच जेवायला बसतो, आणि घास तोंडाशी नेला की पलीकडून वास येतो. माळ गळ्यात घालता येते, नाकाला घालता येत नाही.

कस्तुराबाई म्हणजे भावकीतल्या माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वैनी आता सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की शेजारच्या आळीतली म्हैससुद्धा त्यांच्या हाकेला मान वर करते. घरात दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं. थोरला कृष्णराज शेती आणि दूध बघतो. धाकटा इंद्रजित तेरखेड्याच्या फाट्यावर एका ढाब्यात गल्ल्यावर बसतो. शनिवारी मारुतीच्या धाकानं तिथं गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळं भट्टीत भाजलेली एखादी कोंबडी उरते, आणि रविवारी सकाळी मालक ती मोठ्या मनानं इंद्रजितला देऊन टाकतो. शिळं दान, पण अख्खं.

शहरात अशी कोंबडी आली की लोक आधी तिचा फोटो काढतात, मग लिंबू पिळतात आणि चौघं मिळून बसल्या बैठकीला संपवतात. वैनींनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "रस्साच न्हाय? मग भाकर काय वाऱ्यात बुडवून खायची?" पण टाकून देणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी त्या एका कोंबडीचा आठवडा केला.

रविवारी दुपारी ओसरीवर परातीत कोंबडी ठेवायची आणि वैनींनी ती हातानं मोडायची. सुरी नाही, विचारपूस नाही, मतदान तर नाहीच. एक तंगडी कृष्णराजला, कारण तो रानात राबतो. दुसरी तंगडी घरात जो रुसला असेल त्याला. राज्य चालवायची ही त्यांची पद्धत होती, आणि पुष्कळ वर्षं चांगली चालली. अडचण एवढीच की शुक्रवारपासून घरात रुसवे सुरू व्हायचे. नातवंडं कोपऱ्यात तोंड फुगवून बसायची. एका रविवारी तर कृष्णराजच रुसला. राबण्याची एक आणि रुसण्याची एक, अशा दोन्ही तंगड्या मिळतील असा त्याचा अंदाज होता. वैनींनी त्याच्या ताटात मान टाकली आणि म्हणाल्या, "लवकर बरा हो."

संध्याकाळी हाडं ठेचून काळ्या मसाल्याचा रस्सा. उरलेलं मांस सोडवून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा. त्या दोन दिवशी खाणं नाही. मी एकदा भिंतीवरून विचारलं, "वैनी, देवीच्या नैवेद्याचं दूध अन् तो डबा एकाच फ्रिजात कसं चालतं?"

"फ्रिजात हाय तवर ते सामान हाय, भावजी. चुलीवर चढल्यावर कोंबडी."

असा निवाडा काशीच्या शास्त्र्यांनाही सुचला नसता. बुधवारी त्या सामानाची थोडी कोंबडी व्हायची आणि येसराच्या आमटीत पडायची. भाजलेली धान्यं आणि मसाला दळून केलेलं येसर घातलं की पाणीसुद्धा दाट होतं, ही आमच्या भागातल्या बायकांनी शोधलेली जादू. गुरुवार दत्ताचा. शुक्रवारी उरलासुरला चुरा कांद्यावर परतून भातात. शनिवारी मारुती, म्हणजे पातेलं घासायचं. एवढे देव मदतीला असल्यावर एक कोंबडी आठवडाभर पुरेल नाही तर काय!

हे सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी धाकटी सून शिवांजली गप्प बसली होती. वैनींनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि दुसरी तंगडी तिच्या ताटात ठेवली. पोरीनं ती उचलली आणि परत परातीत ठेवली.

"आत्या, मला तंगडी नको. मला येगळी चूल पायजे."

नातवंडंसुद्धा चावायची थांबली. पोर वाईट नव्हती, हे मी आजही सांगतो. "लग्न करून आले तवापासून मीठ किती घालायचं, हे एकदाबी म्या ठरवलं न्हाय," एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं. थोरली सून शुभांगी खाली बघत राहिली, पण तिच्या खांद्यांवरून कळत होतं की तिचंही हेच म्हणणं होतं. फक्त ती ते गोठ्यात नवऱ्याला सांगायची. मोटारीच्या पाण्यावरून ज्या भावांचं आयुष्यात कधी पटलं नाही, त्यांचं या गोष्टीवर हात धुवायच्या आत पटलं. फ्रिज थोरल्याला, गॅस धाकट्याला, म्हैस थोरल्याला, कपाट धाकट्याला.

"अन् आई?" इंद्रजितनं विचारलं.

"आई आळीपाळीनं," कृष्णराज म्हणाला. "एक महिना हिकडं, एक महिना तिकडं. लाईटीची पाळी असती तसं."

मी भिंतीशी उभा होतो. वैनींचे हात परातीत थांबले. जन्मभर ज्या बाईनं भाग पाडून वाढलं, तिचेच भाग पडत होते, आणि पाडणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला त्या दोघांचा असा राग आला की भिंत ओलांडून कानाखाली वाजवावी. पण भावकीत अशा वेळी आपण भिंतीलाच टेकून उभे राहतो.

वैनी म्हणाल्या, "व्हा येगळं. पर घरात शिजलेलं अन्न हाय तवर दुसरी चूल मांडत न्हायती आपल्यात. ही कोंबडी सपू द्या, मग मांडा."

असली रीत मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. कृष्णराजलाही शंका आली. त्यानं भिंतीकडं तोंड करून विचारलं, "गोरोबाकाका, असं असतंय व्हय?"

"असतंय," मी म्हणालो. धडधडीत खोटं बोललो. माळ जागची हललीसुद्धा नाही.

मग वैनींनी जे केलं त्याला मी स्वयंपाक म्हणणार नाही, ती लढाई होती. त्या आठवड्यात रस्सा पातळ झाला. बुधवारी हाडं दुसऱ्यांदा उकळली. शुक्रवारी भातात कोंबडी शोधायला चष्मा लागला असता. तरी शनिवारी फ्रिजमध्ये वाडगाभर आमटी शिल्लक होतीच. रविवारी इंद्रजित नवी कोंबडी घेऊन आला. वैनींनी दुपारचे तुकडे वाढले आणि संध्याकाळची हाडं त्या जुन्या आमटीतच टाकली.

"आत्या, जुनी सपली का?" शिवांजलीनं विचारलं.

"कशी सपंल? तिच्यातच तर ही घातली. आता ही सपू द्या."

दह्याला आदल्या दह्याचं विरजण लागतं, तसं ते झालं. दर आठवड्याला जुन्यात नवी पडायची आणि घर एक राहायचं. ज्वारीच्या राशी झाल्या, उन्हाळा लागला, तरी पहिली कोंबडी काही संपेना. भाऊ वैतागायचे आणि जेवायला बसले की दुसरी भाकरी मागून घ्यायचे. रस्साच तसा होता. मी न चाखता सांगतो.

शिवांजली मात्र शिकलेली मुलगी. तिला कोडं उलगडलं. ती सासूशी भांडली नाही, तिनं नवऱ्याला कोंबडी आणायची बंद करायला सांगितलं.

त्या रविवारी इंद्रजित मोकळ्या हातानं आला. "मालकानं दिली न्हाय," म्हणाला आणि आईकडं न बघता बूट काढत बसला. वैनींनी फ्रिजमधली आमटी काढली, पाणी घातलं, येसर घातलं, उकळी आणली. दुपारी तेच. संध्याकाळीही तेच. बुधवारी पुन्हा पाणी, पुन्हा येसर. जेवताना शिवांजलीनं पातेल्यात पळी फिरवली, तळापर्यंत.

"आत्या, ह्यात कोंबडी कुठाय?"

"वास हाय की."

"आई," कृष्णराज म्हणाला, "वासावर किती दिवस घर चालवशील?"

इंद्रजितनं भिंतीवरून माझ्याकडं बघितलं. या वेळी मला कुणी काही विचारू नये म्हणून मी चूळ भरायचं निमित्त करून आत गेलो. आतूनच बघत, ऐकत होतो. वैनींनी सगळ्यांना उरलेली आमटी वाढली. मग पातेलं अंगणात नेलं, राखेनं घासलं, विसळलं आणि भिंतीवर पालथं घातलं.

"सपली," त्या म्हणाल्या. "मांडा चुली. पर आळीपाळीचं सोडा. म्या बी येगळी."

मुलं एकदम हादरली. मला वाटलं आता म्हणतील, आई, तू काय खाशील, तुला कोण बघेल. कृष्णराज म्हणाला, "आगं, लोक काय म्हणतील? तोंडात शेण घालतील आमच्या!" इंद्रजित म्हणाला, "निदान पाव्हण्यांना तरी सांगू नको." एवढी कळकळ त्या दोघांच्या आवाजात मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

वैनी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी गोठ्याच्या पुढं पत्र्याखाली तीन दगडांची चूल मांडली. पुढच्या रविवारी एका घरातून तीन ठिकाणी धूर निघाला. ढाब्याच्या मालकाचं मन पुन्हा मोठं झालं आणि इंद्रजितकडं कोंबडी आली. कृष्णराजनं ईर्ष्येनं भूमच्या बाजारातून दुसरी आणली. दोन्ही घरांनी दुपारीच फडशा पाडला आणि हाडं कुत्र्यानं नेली. शिवांजलीनं कांद्याच्या कोशिंबिरीत मीठ स्वतः ठरवून घातलं. जास्त झालं होतं, इंद्रजितच्या आवाजावरून कळलं, पण ती हसत होती. तिचं हसणं मला मनापासून आवडलं, आणि त्याच वेळी राग आला.

दिवेलागणीला मी आमटीला फोडणी देत होतो. भिंतीशी वैनी आल्या. हातात रिकामी वाटी होती. उसनं मागायला आल्या असतील असं वाटलं.

"भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "एका माणसाला आमटी करायची म्हणली तर येसर किती घालतेत वो? म्या दोनदा केली. दोन्ही बारीला पातेलंभर झाली."

मला हे माप माहीत होतं. बायको गेल्यानंतर कितीतरी दिवस मीही पातेलंभर करायचो आणि सकाळी म्हशीपुढं ओतायचो. ते माप कुणी शिकवत नाही.

"येसर एक चमचा, वैनी. सपाट. अन् पाणी ह्याच वाटीनं एक वाटी."

"एकच?"

"एकच."

त्यांनी वाटीत बघितलं, मान हलवली आणि विसरू नये म्हणून पुटपुटत परत गेल्या, "एक चमचा, एक वाटी. एक चमचा, एक वाटी."