एक वाजताची मराठी

मी स्वभावाने चौकस. आई म्हणायची, याला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. पण जिथे एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, नेमकं तिथेच मी तोंड मिटून बसलो. त्यापायी माझा सगळ्यात जुना मित्र हातचा जाणार होता.

तंजावूरला कालव्यांच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. राज्य खालसा होऊन दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या. राजवाड्याजवळच्या गल्ल्यांतली आम्हा मराठी घरांतली मुलं आता इंग्रजी शिकून गोऱ्या साहेबाच्या हाताखाली टाक झिजवत होती. बांधाबांधांवर पाणी किती फूट, किती इंच चढलं याच्या चिठ्ठ्या रोज यायच्या आणि मी त्या तक्त्यात उतरवायचो. शेजारच्या मेजावर माझा शाळेपासूनचा मित्र बसायचा. त्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. कचेरीत मराठी असे आम्ही दोघंच, बाकी सगळा कारभार तमिळ आणि इंग्रजीत चाले.

आमच्या पुढे, आमच्याकडे पाठ करून, हेडक्लार्क बसायचे. ते तमिळ गृहस्थ, पापनाशमहून बदलून आलेले. उंच, किडकिडीत, शब्द मोजून वापरणारे. सगळे त्यांना तमिळ धाटणीने 'सार', म्हणजे सर, म्हणत. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'पडवळ' ठेवलं, आणि तेही त्यांच्या पाठीमागे बसून, चांगलं मोठ्याने. मराठी कळतेय कुणाला! त्या जोरावर आम्ही साहेबाची टोपी, पडवळाची छत्री, घरातली भांडणं, सगळं बिनधास्त बोलायचो. एक वाजता डबे उघडले की गप्पांना रंग चढायचा. सार तेवढा वेळ आमच्याकडे पाठ करूनच दहीभात खायचे.

मला पहिल्यांदा नवल वाटलं ते लवंगांचं. माझी दाढ ठणकत होती, आणि हे मी फक्त मित्राला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दौतीजवळ कागदाच्या पुडीत चार लवंगा.

"मी ठेवलों नाहीं रे," मित्र आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाला.

मग तिरुवैयारुला बहिणीच्या बाळाचं बारसं निघालं. मी रजेचा अर्ज लिहायच्या आधीच सार तमिळमध्ये म्हणाले, "शुक्रवारचं काम आदल्या दिवशी उरका आणि जा." शुक्रवार मी मित्राजवळच बोललो होतो. या माणसाला ज्योतिष येतं की काय? मला भारी मजा वाटली. मी सारांवर पाळत ठेवली, पण पाळत ठेवून दिसणार काय, तर त्यांची पाठ.

एके दिवशी मजा संपली. एका बांधाची चिठ्ठी आलीच नाही आणि मी अंदाजाने आकडा ठोकून दिला. डबा खाताना मित्राला हे हसत हसत सांगितलंही. दुसऱ्या सकाळी सारांनी माझ्या मेजावर एक तार ठेवली. तीत त्या बांधाचं खरं माप होतं, माझ्या आकड्यापेक्षा चांगलं फूटभर जास्त.

"सुधारा," एवढंच म्हणून ते आपल्या जागेवर गेले.

साहेबाला कळतं तर माझी नोकरी गेलीच होती. मग लवंगा, शुक्रवार आणि तार, तिन्हींचा अर्थ मला एकदम लागला. माझा मित्र माझ्या चहाड्या करत होता.

मी त्याला विचारलं नाही, सरळ बोलणं तोडलं. सकाळी दुसऱ्या गल्लीने जायला लागलो, डबा खिडकीकडे तोंड करून खायला लागलो. तो बरेच दिवस विचारत राहिला, "काय झालं? सांग की रे." मी तमिळमध्ये उत्तर द्यायचो, "ओन्नुम इल्ले." म्हणजे काही नाही. आमच्या दोघांत मी तमिळ आणली, हे त्याला फार लागायचं. ते मला दिसत होतं, आणि त्याचं मला बरं वाटायचं, हेही कबूल करतो.

असे दोन महिने गेले. खोलीत टाकांची कुरकुर तेवढी ऐकू यायची. एक वाजता सारांचा घास घेतलेला हात मध्येच थांबायचा, मान जराशी तिरकी व्हायची आणि मग ते पुन्हा जेवू लागायचे. हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं, पण चौकस माणसाला राग आला की त्याची चौकशी बंद पडते.

एका दुपारी मित्र दफ्तराच्या खोलीत गेलेला असताना सारांनी मला बोलावलं. समोर एक कागद ठेवला. मित्राचा अर्ज होता तो, पापनाशमच्या लहान कचेरीत बदली मागणारा. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहिलं होतं.

"अकरा दिवस माझ्या खणांत आहे," सार म्हणाले. "आज चार वाजतां टपाल जातें."

मी मान डोलावली. आणि मग लक्षात आलं, की ते मराठीत बोलले.

"एथ बस," ते म्हणाले. "तो कांहीं सांगट्ला नाहीं. मी ऐकलों. लवंगा मी ठेवलों, तार मीच केलों."

त्यांची आई राजवाड्याजवळच्या एका मराठी घरी स्वयंपाकाला होती. ते तिथेच त्या घरच्या मुलांबरोबर वाढले. आठव्या वर्षी मामा त्यांना पापनाशमला घेऊन गेले, आणि तिथे मराठी बोलायला कुणी नव्हतं. त्यांची मराठी आठ वर्षांचीच राहिली होती. एवढे मोठे हेडक्लार्क, पण खेळगड्याला बोलावं तसे मला 'अरे-तुरे' करत होते.

"पण सार, तुम्ही सांगितलं का नाही?"

"पहिल्या दिवशीं तुम्हि मज पडवळ म्हणट्लां. मग कसं सांगूं? आणि सांगट्लों असतों तर तुम्हि बोलायचं बंद केलां असतां. तें आतां तसंच बंद झालं."

मला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी उठलो आणि दफ्तराच्या खोलीत गेलो. मित्र फडताळापाशी उभा होता. मी काय समजलो होतो, का बोललो नाही आणि खरं काय होतं, ते सगळं त्याला सांगितलं. त्याने एक गठ्ठा बांधून पुरा केला.

"मज विचारायचं होतंस," तो म्हणाला. आणि संध्याकाळी तो एकटाच घरी गेला.

चारच्या टपालात सारांनी तो अर्ज घातला नाही. "उद्यांपर्यंत ठेवतों," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही खाली मान घालून लिहीत होतो. आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे कुणालाच तोंड उघडता येईना. एक वाजला. मी खिडकीकडे वळलो नाही, पण डबाही उघडला नाही. मित्राने त्याचा डबा उघडला. पिठलं होतं, लसणीचा वास खोलीभर पसरला. माझ्याकडे न बघता तो मोठ्याने म्हणाला,

"पडवळाला विचार, पिठलं पाहिजे कीं."

मी उभा राहिलो.

"सार, पिठलं पाहिजे कीं?"

सारांनी खुर्ची फिरवली. इतक्या दिवसांत एक वाजता आम्हाला त्यांचं तोंड प्रथमच दिसलं. त्यांनी आपला डबा पुढे केला.

"मज पण दे," ते म्हणाले.

"थांबा सार," मित्र म्हणाला. "तेल गळतें, मेज खराब होईल. खणांतला माझा तो कागद घाला डब्याखालीं."

सारांनी खण उघडला.